आई नको, नुसतं ई

सुईला मी घाबरत नाही, हे मी बायकोला तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा सांगताना दवाखान्याच्या दाराची कडी हातातून सुटत नव्हती, एवढंच.

मी बसस्थानकावरचा घोषणावाला. बावीस वर्षं माझ्या आवाजावर गाड्या हलल्या. मग गळ्यातली गाठ काढली आणि आवाज जो बसला, तो उठायचं नावच घेईना. एक स्वरतंतू हलत नव्हता. त्याची नस जिवंत असेल तर आवाज परत येणार. नसेल तर माईक सुटला आणि मी हरवलेल्या सामानाच्या खोलीत.

"गळ्यात बारीक सुई घालून स्नायूतली वीज तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"झटका केवढा बसतो?" मी कुजबुजलो.

"आम्ही वीज देत नाही हो, तुमचीच ऐकतो. स्नायू चालला की यंत्र खरखरतं."

सुई आत गेली. यंत्रातून हूं की चूं नाही. संपलं सगळं, म्हणून मी बायकोचा हात आवळला.

बाईंनी माझं तोंड पाहिलं. "तुम्ही गप्प आहात, म्हणून तेही गप्प. आता 'ई' म्हणा."

ओठ हलले, पण निघाली ती नुसती हवा. "आई गं..."

"आई नको. नुसतं ई. आणि जोर लावून."

पण जोर लावला आणि नस मेलेलीच निघाली तर? त्यापेक्षा न कळलेलं बरं. मी तोंड मिटून घेतलं. खरं सांगतो, इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो.

बायकोने ते ओळखलं. "अहो, सांगायचं राहिलंच. सोमवारपासून तुमच्या माईकवर माझा भाऊ बसतोय."

"ई!"

तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं यंत्र तडतडलं.

"परत म्हणा," बाई म्हणाल्या.

"माझा भाऊ," बायकोने आठवण करून दिली.

"ईईई!"

"नस जिवंत आहे," बाई हसल्या. मला रडूच फुटलं. "सहा महिने धीर धरा. रोज सकाळी दहा मिनिटं अगदी असाच स्वर काढायचा. जमेल?"

"न जमायला काय झालं," बायको डोळे पुसत म्हणाली. "मी सोय करते."

माईकची ती थाप होती, हे मला जिन्यात कळलं. भाऊ मात्र सोमवारी खरंच आला, दोन बॅगा घेऊन.