बिनकूलरचं घर

घर तपासायला अमरावतीहून मॅडम येणार आणि घरात कूलर नाही, या विचाराने भागीरथाबाईंच्या घशाखाली चहा उतरेना. अकोल्याच्या मे महिन्यात पाहुण्याला आधी कूलरपुढे बसवायचं, मग पाणी विचारायचं, ही त्यांच्या घरची रीत. आणि पोराने बांधलं काय, तर मातीच्या जाड विटांचं घर. छताजवळ भिंतीत भोकंच भोकं आणि परसातल्या निंबाखालून जमिनीतून घरात आणलेला हवेचा पाइप. कूलर त्याने शेजारच्या आशाबाईंना देऊन टाकला होता.

पोरगा ललित इंजिनीअर होता. घर आपोआप थंड राहतं असं मॅडमनी लिहून दिलं, तर याच पद्धतीने नांदगाव खंडेश्वरची शाळा बांधायचं त्याचं पहिलंवहिलं काम पक्कं होणार होतं. पण घामाने निथळणारी बाई चांगलं लिहील कशी?

मॅडमना आणायला ललित स्टेशनवर गेला, तशा भागीरथाबाई आशाबाईंकडून कूलर घेऊन आल्या. दारं-खिडक्या लावून घेतल्या, कूलर सुरू केला. मग नजर वर गेली. एवढी थंड हवा भोकांतून उडून जायची म्हणजे काय! अडुसष्टाव्या वर्षी त्या स्टुलावर चढल्या आणि एकेका भोकात जुनं लुगडं कोंबून आल्या.

ज्योत्स्ना मॅडम आल्या. कूलर पाहून ललितचं तोंड पडलं. त्याने तो बंद करायला हात घातला, तोच वीज गेली. पाच मिनिटांत खोलीत इडल्या उकडाव्यात अशी वाफ झाली. मॅडमच्या चष्म्यावर धुकं आणि हातातल्या तापमान मोजायच्या यंत्रावर सदतीस.

"ललितजी, इथे तर श्वास कोंडतोय," म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं.

भागीरथाबाईंना काही उमजेना. काल याच वेळी, याच खोलीत, त्या पांघरूण घेऊन निजल्या होत्या. कूलर नव्हता तर थंडी वाजत होती, अन् कूलर आणला तर उकाडा? निदान वाफ तरी जावी म्हणून त्या पुन्हा स्टुलावर चढल्या आणि सपासप लुगडी ओढायला लागल्या. चौथं नेमकं मॅडमच्या डोक्यावर पडलं.

मॅडम नऊ वारांतून बाहेर येईपर्यंत पाइपातून गार झुळूक पायांशी आली होती. यंत्र पस्तिसावर आलं. मग तेहतीस. मग एकतीस.

"आजी, ही भोकं तुम्ही बुजवली होती?"

ललितने डोळे मिटले. भागीरथाबाई आजवर कुणापुढे चुकल्या नव्हत्या. आज तरी का चुकतील?

"मुद्दामच बुजवली, बाई. आधी गरमी दाखवली, मंग थंडाई. फरक समजल्याबिगर माणसाले कदर येत नाई."

मॅडमनी पेन उघडलं, ललितला हवं होतं ते लिहिलं, सही केली. वर म्हणाल्या, असं समजावून सांगणारं माणूस त्यांना दहा वर्षांत भेटलं नाही. सोमवारी अमरावतीला चाळीस इंजिनीअर जमणार आहेत, आजींनी त्यांना हे दोन शब्दांत सांगावं. भागीरथाबाईंनी मान डोलावली, जणू असली बोलावणी रोजच येतात.

मॅडमची रिक्षा कोपऱ्यावरून वळली तशी त्यांनी दाराला कडी लावली आणि ललितला दंडाला धरून खाटेवर बसवलं.

"आता सांग, बिनकूलरचं हे घर थंड होते तरी कसं? अन् हळू सांग. मले सोमवारी शिकवा लागन."