मधे बोलणारे गृहस्थ

सासूबाईंनी ते रेकॉर्डिंगचं यंत्र धुण्याच्या बादलीत बुडवलं. साबणाच्या पाण्यात, आणि वर ओला टॉवेल टाकून. पण असं काही घडलंच नाही असं घरात एकमताने ठरलेलं असल्यामुळे, आपणही हे वाचलेलं नाही असं समजून पहिल्यापासून सुरुवात करू.

जावई चष्म्याच्या दुकानात कामाला होता. नवराबायको वरच्या मजल्यावर झोपत आणि बाकी सगळं खालच्या मजल्यावर सासऱ्यांकडे करत. तरीही सासरे त्याच्याशी थेट बोलत नसत. तो समोर बसलेला असला तरी मुलीला म्हणत, "पंखा वाढवायचा का, विचार त्याला."

मर्जी मिळवायची म्हणून जावयाने ते यंत्र भेट आणलं. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "टीव्ही रेकॉर्ड करायचे दिवस गेले साहेब. बटण नाही, वेळ लावणं नाही. तुम्ही फक्त खूश व्हायचं, पुढचं यंत्र बघून घेईल." यंत्राला एक काचेचा डोळा होता. बघणाऱ्यांचे चेहरे खुलले की ते टीव्हीवरचं जपून ठेवायचं, पडले की पुसून टाकायचं.

सासऱ्यांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली. "त्याला सांग, हे यंत्र एक दिवस आपला घात करणार."

"झालं सुरू!" सासूबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ऐकतेय. तुम्ही म्हणालात त्यातलं एक तरी खरं झालंय?"

आणि त्याच आठवड्यात एक खरं झालं.

सासरे निवृत्त गोदामप्रमुख. दोर तपासल्याशिवाय त्यांना कुठल्याही ट्रकजवळून जाववत नसे. कोपऱ्यावर गाद्यांचा ट्रक उभा होता. "दोर ढिला आहे," ते म्हणाले. "काका, तुम्ही व्हा पुढे," ड्रायव्हर म्हणाला. काका पुढे झाले, ट्रकही पुढे झाला, गाद्या तेवढ्या मागे राहिल्या. अख्खा चौक मऊ झाला. लागलं कोणालाच नाही. उलट जे पडले ते उठायला तयार होईनात. टीव्हीवाले आले, आणि संध्याकाळच्या बातम्यांत सासरे झळकले. माईककडे रोखून बघत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं.

"मी आधीच म्हणालो होतो."

मुलीने उडी मारली, काचेचा डोळा चमकला, बातमी जपली गेली. सासरे जावयाकडे वळले. थेट. मधे मुलगी नाही.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे पुसलं जाता कामा नये."

जावयाचा ऊर भरून आला. पण ते वाक्य गेलं की जावईबापूचा पुन्हा 'त्याला सांग' होणार, हे स्पष्ट होतं.

मग सगळ्यांनी ती बातमी रोज बघून खुलायचं असं ठरलं. पण माणूस खुलून खुलून किती खुलणार? लवकरच पडद्यावर अक्षरं उमटली: 'आपला रस कमी झालेला दिसतो. पुसून टाकू का?'

"नको!" जावई ओरडला आणि दात दाखवत सोफ्यावर उभा राहिला.

"नुसते दात काय दाखवतोस? डोळ्यांनी हस," बायको पर्स उचलत म्हणाली. "आणि मला ऑफिस आहे. मी काय दिवसभर बाबांकडे बघून खुलू?"

जावयाला दुकानाची आठवण झाली. तिथे चष्मे मांडायला प्लॅस्टरची डोकी होती, सगळी हसरी. मालकाच्या परवानगीने त्याने जुनी पाच-सहा चष्म्यांसकट उचलून आणली आणि सोफ्यावर ओळीने बसवली.

"अहो, हे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"प्रेक्षक."

"मग यांचे चष्मे पुसा तरी. काय दिसणार आहे त्यांना?"

डोकी कंटाळत नसत, आणि घोटाळा तिथेच झाला. बातमी संपून हवामान लागलं तरी ती तेवढीच खूश. शेअरबाजार पडला तरी खूश. पोट कमी करायच्या पट्ट्याची जाहिरात तर त्यांना बेहद्द आवडली. इतकं रसिक घर आपल्याला लाभलं म्हणून यंत्र हरखलं आणि दिसेल ते जपत सुटलं. जागा भरली. मग त्याने काटछाट सुरू केली.

रविवारी सगळे जमून बसले. पडद्यावर ट्रक आला, दोर सुटला, गाद्या ओघळल्या, आणि थेट हवामान! खाली अक्षरं उमटली: 'जागेअभावी मधे बोलणारे गृहस्थ काढून टाकले आहेत. ते दिसले की घरातील एका सदस्याचा चेहरा दरवेळी वाकडा होतो.'

सगळे सासूबाईंकडे बघू लागले. डोकी तेवढी समोर बघत राहिली.

"माझा चेहराच तसा आहे!" सासूबाई म्हणाल्या.

जावई डोळे घट्ट मिटून 'त्याला सांग'ची वाट बघू लागला. सासरे उठले. यंत्राजवळ गेले. आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर गाद्यांच्या ट्रकाएवढं समाधान पसरलं.

"घात करणार," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी! याच जागी उभा राहून! मी आधीच म्हणालो होतो!"

सासूबाईंनी छताकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, डोक्यांकडेही पाहिलं. कोणीच मदतीला येईना.

"बरं बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमचं बरोबर होतं."

मुलगी किंचाळली. जावयाने भावनेच्या भरात एका डोक्याला मिठी मारली. काचेचा डोळा लखलखला: 'हा प्रसंग सर्वांना फार आवडला. जपून ठेवला आहे.'

त्यानंतर सासरे दुसरं काही बघेनात. दात घासताना तेच, जेवताना तेच, बहिणीला फोनवरून ऐकवायलाही तेच. "तुमचं बरोबर होतं. तुमचं बरोबर होतं." डोकी हसून हसून बेजार. मग एका सकाळी सासूबाई धुण्याची बादली घेऊन टीव्हीच्या खोलीतून गेल्या, आणि पुढचं आपण वाचलेलंच नाही.

सासऱ्यांनी मात्र कंपनीला अर्ज धाडला. मजकूर त्यांचा, अक्षर जावईबापूंचं:

'सदर यंत्र आपणहून बादलीत उतरले असून त्यातील एक वाक्य भिजले आहे. तरी ते वाळवून परत मिळावे. तसे शक्य नसल्यास आपल्या अधिकृत प्रतिनिधीस घरी पाठवून, आमच्या सौभाग्यवतींकडून सदर वाक्य पुन्हा एकदा, चेहरा वाकडा न करता, वदवून घ्यावे, ही नम्र विनंती.'