सगळ्यांची नाडी बहात्तर

"संख्याशास्त्र आणि पलंगावरची चादर यांत फरक तो काय? कोपरे नीट दाबून बसवले की दोन्हींना सुरकुती पडत नाही!" सकाळच्या चहाला मेट्रनबाईंनी जाहीर केले.

मेट्रनबाई निवृत्त झाल्या होत्या. परंतु ही गोष्ट त्यांना अद्याप कोणी पटवून देऊ शकले नव्हते. नर्सिंग कॉलेजने मानाने ठेवलेला संख्याशास्त्राचा एक वर्ग, एवढेच काय ते त्यांचे उरलेले राज्य. आणि दुसऱ्या वर्गाला तोच विषय शिकवीत होती कोण? त्यांची सूनबाई! तीही कशी? मुलींना गोट्या मोजायला लावून, नाणी उडवून, खुशाल खिदळू देऊन!

"आई, स्वतः मोजलं की त्यांना कळतं," सून म्हणाली.

"कळायचंय कशाला? पाठ हवं! माझ्या मुली झोपेतसुद्धा उत्तर देतील."

"झोपेतच देतात," मुलगा वर्तमानपत्राआडून पुटपुटला.

अखेर प्राचार्यांनी तोडगा काढला. दोन्ही वर्गांना एकच परीक्षा : जोड्या लावून वर्गातल्या प्रत्येकीची नाडी मोजायची, सरासरी काढायची आणि आकडे त्या सरासरीपासून किती पसरले आहेत ते सांगायचे. जिच्या मुली सरस, तिच्याकडे पुढल्या वर्षी दोन्ही वर्ग!

"हरले तर कॉलेजची पायरी चढणार नाही!" मेट्रनबाई गरजल्या आणि कडक इस्त्रीचा पांढरा कोट चढवून निघाल्या.

सूनबाईंच्या वर्गात मासळीबाजार भरला होता. जिना धावत चढलेल्या मुलीची नाडी नव्वदीला टेकलेली, पेंगणारीची साठाच्या आत! "पुन्हा मोज गं!" "तू हलू नकोस ना!" मेट्रनबाईंनी नाकाला रुमाल लावला.

त्यांच्या स्वतःच्या वर्गात मात्र टाचणी पडली असती तरी तिला शिक्षा झाली असती.

"सरासरी?" प्राचार्यांनी विचारले.

"बहात्तर!" सगळ्या मुली एका सुरात.

"आणि आकड्यांतला फरक?"

"शून्य!"

"पाहिलंत?" मेट्रनबाईंची मान इंचभर उंचावली. "याला म्हणतात शिस्त!"

"आई," सून हळूच म्हणाली, "शून्य म्हणजे सगळ्यांची नाडी अगदी सारखी. असं कधी होतं का?"

"माझ्या वर्गात होतं!"

प्राचार्य मागच्या बाकाकडे गेले. तिथे एक मुलगी तापाने फणफणली होती. तिची नाडी? बहात्तर! वर्गाची मॉनिटर पुढेच उभी होती; तिच्या जोडीची मुलगी त्या दिवशी गैरहजर होती.

"मग तू कोणाची मोजलीस?"

मॉनिटरने कोपऱ्यातल्या सरावाच्या पलंगाकडे बोट दाखवले. त्यावर रबरी पेशंट छताकडे पाहत निवांत पहुडला होता.

"ह्याची?"

"हो सर. बहात्तर."

मेट्रनबाई मटकन खुर्चीत बसल्या. मॉनिटर तत्परतेने धावली, त्यांचे मनगट धरून घड्याळाकडे टक लावून पाहू लागली.

"किती?"

"बहात्तर, बाई."

"खोटं! इथे कानशिलात ढोल वाजताहेत माझ्या!"

"पण बाई, तुम्हीच पाठ करून घेतलंय ना! निरोगी माणसाची नाडी बहात्तर. कमी-जास्त आली तर मोजणारीची चूक. आणि तुमच्या वर्गात चूक करायची कुणाची छाती आहे?"

वर्गात कोणी हसले नाही. शिस्तच तशी होती.

सुनेने सासूचे दुसरे मनगट हाती घेतले आणि मनापासून मोजले. "एकशे अठरा, आई."

मेट्रनबाईंनी एकदा रबरी पेशंटाकडे पाहिले, एकदा सुनेकडे. "लिही तोच आकडा," त्या म्हणाल्या. "आणि पायरी चढणार नाही म्हणाले ते मास्तरीण म्हणून. तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर जागा आहे का?"

दुसऱ्या दिवशी त्या खरोखरच पहिल्या बाकावर बसल्या. सुनेने फळ्यावर सगळ्यांच्या नाड्या मांडल्या. बाकीचे आकडे खेळीमेळीने एकत्र नांदत होते; एकशे अठरा तेवढा दूर, ताठ मानेने उभा!

"असा सगळ्यांपासून फटकून राहणारा, सरासरीला आपल्याकडे ओढणारा आकडा," सून म्हणाली, "त्याला आउटलायर म्हणतात."

"असं होय?" मेट्रनबाईंनी चष्मा सावरला. "आणि घरी काय म्हणता?"

"घरीही तेच म्हणतो, आई. फक्त हळू आवाजात."