डाव्या मांडीवरचे अकरा केस

एका जंगलात एक डबकं होतं. तळं नव्हे हं, डबकंच. तिथे सिंहमहाराजांना सभामंडप बांधायचा होता. पण राज्याचा कायदा मोठा कडक! ज्या पाण्यात जगात दुसरीकडे कुठेच नसलेला जीव राहतो, ते पाणी बुजवायचं नाही.

डबक्याच्या काठावर भागूबाई टिटवीचं घर होतं. तिला पाण्यात तिळाएवढा एक भुंगेरा सापडला. असा भुंगेरा दुसरीकडे कुठेच नव्हता. भागूबाई धावत दरबारात गेली.

"भुंगेरे काय, सगळे सारखेच दिसतात," प्रधान कोल्हा म्हणाला. "त्याच्या अळीचं वर्णन आणा. एकूण एक अवयवाचं. आणि हो, तज्ज्ञांनी तपासलेलं."

आता आली का पंचाईत? भागूबाई तीन पावसाळे काठावर पोट टेकून बसली. अळीचा विळ्यासारखा जबडा, सहा पाय, शेपटीची दोन टोकं, सगळं तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मागच्या डाव्या मांडीवर अकरा केस होते. ते तिनं चाळीस वेळा मोजले.

वर्णन आणि सोबत एक अळी बेडूकरावांकडे तपासायला गेली. बेडूकराव म्हणजे जंगलातले किड्यांचे एकमेव तज्ज्ञ. जन्मात त्यांनी दुसरं काही तोंडात घातलं नव्हतं.

त्यांचं पत्र आलं. "जबडा टणक आहे, हे मान्य. पाय मोजताना नमुना संपला. आणखी दहा पाठवावेत."

भागूबाईनं दहा पाठवल्या. मग वीस. मग पन्नास.

"अगं, तो खातोय त्यांना!" तिचा नवरा ओरडला.

"काहीतरीच काय बोलता! परीक्षक आहेत ते."

शेवटी डबक्यात एकच अळी उरली. मोठे भुंगेरे अंडी घालून केव्हाच मेले होते.

"ताई, माझे केस तुम्ही मोजलेत ना?" अळीनं विचारलं. "मग परत कशाला?"

"मी मोजून चालत नाही गं बाई," भागूबाई म्हणाली. तिला रडू कोसळलं. पण डबकं वाचवायचं तर शिक्का हवाच. तिनं अळीला ओल्या पानात गुंडाळलं आणि पाठवून दिलं.

आठ दिवसांत शिक्का आला. "वर्णन अचूक. तक्रारीला जागा नाही."

कागद घेऊन भागूबाई दरबारात पोचली. प्रधानानं तो शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "वा! आता अळी दाखवा."

पंधरा दिवसांत डबकं बुजलं. सभामंडप उभा राहिला. त्यात पहिला सत्कार भागूबाईचाच झाला, अगदी शाल-श्रीफळ देऊन. प्रमुख पाहुणे बेडूकराव. मंडपाच्या दारात अळीचा दगडी पुतळा बसवला, चांगला हत्तीएवढा.

भागूबाईनं पुतळ्याची डावी मांडी पाहिली. केस मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच! घर गेलं, डबकं गेलं, तेव्हा ती गप्प राहिली होती. हे मात्र तिला सहन होईना. तिनं शाल बाजूला ठेवली आणि तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज लिहिला.

अर्ज तपासणीसाठी बेडूकरावांकडे गेला. त्यांनी नमुना मागवला आहे.

तात्पर्य: मुलांनो, हाती घेतलेलं काम कधी अर्धवट सोडू नये. शेवटचा नमुना संपेपर्यंत करावं.