पालथ्या नावेची आणि खाडीपार स्वारीची हकीकत

श्री जळदेवता प्रसन्न असो. प्रसन्न होणे न जमल्यास निदान स्वस्थ असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, वैशाख मासी एका राज्यात नाव बांधण्याची मसलत जाहली, तिची हकीकत येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे अंगण आणि अंगणाचे टोकास खाडी, इतकाच मुलूख. त्यावर राजश्री मोरेश्वरपंत राज्य करीत होते, म्हणजे नोकरीतून मोकळे होऊन घरी बसले होते, आणि कारभार सगळा त्यांच्या पत्नी वत्सलाबाईसाहेब पाहात होत्या. बाईंचे माहेर खाडीपलीकडे. स्वयंपाकघराचे खिडकीतून थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आक्कांच्या, घराची कौले दिसत. आई गेल्यावर आक्कांनीच बाईंस वाढविले आणि आता त्या थकून तेथे एकट्या राहात होत्या. पूर्वी खाडीत होडीची फेरी होती, बसले की पलीकडे. मग दूर कोठे पूल जाहला आणि फेरी बंद पडली आणि समोर दिसणाऱ्या माहेरी जावयास दोन एसट्या बदलून अर्धा दिवस मोडू लागला. बाईंचे गुडघे तर एसटीची पायरी पाहताच कुरकुरत. ऐसियात पंतांनी कोठूनसा लाकडी नावेचा विलायती नकाशा पैदा केला आणि भिंतीस डकविला आणि कमरेवर हात ठेवून बोलिले, "वत्सला, एसटीचे धक्के खायचे दिवस संपले. आपल्या होडीने तुला आक्काकडे नेतो." बाईंस बरे वाटले. खोटे कशास लिहावे, फार बरे वाटले.

मग मोहीम सुरू जाहली. प्लायवूडच्या फळ्या आल्या आणि दिवाणखाना पडला, आणि मग जेवणाचे टेबलही पडले, कारण नाव त्यावर पालथी घालून बांधावयाची ऐसी या नकाशाची रीत; आणि तिचे नाकाड लांबत लांबत स्वयंपाकघरात शिरले आणि बाई ओट्यापाशी जाताना दर खेपेस वाकून जाऊ लागल्या. फळ्यांच्या कडा तांब्याच्या तारेने शिवल्या आणि सांध्यांत इपॉक्सीचा लेप भरला, त्याचे वासाने पाहुणे उंबऱ्यावरूनच मुजरा करून परतत, आणि गणपती फ्रिजवर बसले आणि दिवाळीचा फराळ पडवीत मांडला. पंत मोठे हौशी, परंतु खांदा धरला की आडवे होत. मग घासण्याचे काम बाईंकडे आले. लेप द्यावा आणि वाळला की सँडपेपराने घासावा आणि परत लेप द्यावा आणि परत घासावा, यास अंत म्हणून नाही. बाई दुपारची झाकपाक करून, पदर खोचून, पालथ्या नावेच्या पाठीशी बसत आणि घासत, आणि बोटांचे ठसे पुसट होत चालले, येथवर की रेशनच्या दुकानातील यंत्र त्यांस ओळख देईना.

घासता घासता विचारीत, "अहो, मी पुढे बसायचं की मागे?" पंत नकाशास नाक लावून उभे. म्हणत, "बघू गं. आधी तळ तर होऊ दे." तळ जाहला. आक्कांचा फोन येई, "होडी झाली का गं?" बाई म्हणत, "होतेय." चैत्रात आक्कांनी हळदीकुंकवास बोलाविले आणि बाईंनी पिशवी भरली, तो पंत म्हणाले, "आता आठ दिवसांत होतेय, कशाला हाडं खिळखिळी करून घेतेस?" पिशवी रिकामी जाहली. मग आक्का अंगणात घसरून पडल्या, पाय मुरगळला, तेव्हाही होडी आठ दिवसांतच होत होती. संवत्सर पालटले, आणखी एक पालटले, परंतु पंतांचे आठ दिवस काही सरेनात. बाईंस राग येई आणि रागाचे भरात त्या अधिकच घासत, आणि नाव तेवढी गुळगुळीत होत चालली. एकदा आक्का म्हणाल्या, "वच्छे, तुझ्या खिडकीतला दिवा आता मला दिसत नाही गं. डोळे गेलेत. येशील तर लवकर ये." त्या दुपारी बाईंनी घासले नाही. सँडपेपर हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

अखेर शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, नाव सुलटी करून तिचे तोंड वरून झाकणारी फळी बसविण्याची वेळ आली. पंतांनी नाव पडवीत हलविली, भोवती चादरी बांधिल्या आणि फर्माविले, "आता मुहूर्तालाच बघायचं!" मुहूर्त पौर्णिमेचा काढिला. बाई खाडीकाठी वाढलेल्या, म्हणाल्या, "पौर्णिमेला उधाण असतं, ओढ समुद्रात घेऊन जाईल. अष्टमीला काढा, पाणी गरीब असतं." इतके मात्र पंतांनी ऐकिले. मार्गशीर्षातील अष्टमीस उजाडता उजाडता नाव काठी नेली, वर बाईंचीच जुनी हिरवी साडी पांघरलेली. बाईंनी पंजाबी ड्रेस चढविला होता, आक्कांस आवडतात म्हणून नारळाच्या वड्यांचा डबा घेतला होता आणि नावेच्या नाकाडास हळदकुंकू लाविले. मग पंतांनी नारळ फोडिला आणि साडी ओढिली. नाव दृष्ट लागण्याजोगी देखणी. आणि तिच्या पाठीवर, बरोबर मधोमध, बसावयाचे एकच भोक.

बाईंनी नावेभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "आणि दुसरं?"

"दुसरं काय?"

"बसायचं."

पंतांनी नावेकडे पाहिले आणि बाईंकडे पाहिले आणि त्यांचे तोंड उतरले. "नकाशात एकच होतं गं," ऐसे हळूच बोलिले.

"नकाशात एक होतं. आणि तुमच्या मनात?"

पंत लबाड नव्हते, दुष्टही नव्हते, हे लिहिले पाहिजे. नकाशाबरहुकूम केले, इतकाच अपराध. परंतु ते सगळे घासणे बाईंच्या एकदम अंगावर आले आणि त्या काठच्या दगडावर मट्कन बसल्या. रडू आले नाही. रडावयासही अंगात त्राण लागते. पंत घाबरून म्हणाले, "अगं, दुसरी बांधू. दोघांची. आता हात बसलाय माझा, आठ दिवसांत..."

हे ऐकताच बाई उठल्या. चपला काढून पंतांचे हाती दिल्या आणि डबा भोकातून आत सरकविला आणि वल्हे उचलले.

"अगं, तू? एकटी?"

"लग्नाआधी बाबांची होडी कोण वल्हवायचं? धरा नीट."

पंतांनी आपले केशरी फुगीर जाकीट काढून बाईंस घातले, पट्टे आवळिले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून नाव धरिली. भरती टिपेस येऊन पाणी थबकले होते. "सोडा," बाई म्हणाल्या. पंतांनी सोडली. नाव डुलली, पंत "अगं अगं" करू लागले, मग ती सावरली आणि आवाज न करता सरळ चालली. तळ घासलाच तसा होता. बाईंनी मागे पाहिले नाही. पंत चपला हाती धरून उभे राहिले, तो पलीकडील काठास कोणी काठी टेकीत पाण्यापाशी उतरताना दिसले. थोड्या वेळाने फोन वाजला.

"पोचले. आक्का पोहे करतेय."

"बरं झालं बाई! आता ओहोटीचा जोर व्हायच्या आत निघ."

"मी नाही निघत. हात गळून गेलेत माझे. होडी इथं अंगणात पालथी घातलीय."

"मग येणार कशी?"

"तुम्ही या की. दोन एसट्या बदलाव्या लागतात. आणि माझ्या चपला आणा."

सारांश, खाडी सर जाहली आणि नाव माहेरी राहिली आणि राजश्री मोरेश्वरपंत मांडीवर पिशवी, पिशवीत चपला, ऐसे पुलावरून हेलकावे खात तिन्हीसांजेस सासुरवाडीस दाखल जाहले. चपला पोचविल्या. दुसरे दिवशी निघते वेळी विचारिले, "चलतेस ना?" आक्का बाईंच्या मांडीवर डोके ठेवून निजल्या होत्या. बाई त्यांचे केसांवरून हात फिरवीत म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. मी येते आठ दिवसांत."

दिवाणखाना मोकळा जाहला, टेबलही मोकळे जाहले, आणि त्यावर एकच पान मांडले जाऊ लागले. ते आठ दिवस कधी सरले, हे लिहिणारास ठाऊक नाही. लिहिणारा दमला, सबब येथे पुरे.