तीस जानेवारीचे पाहुणे

पंचावन्न सालच्या तीस जानेवारीला घरातल्या सगळ्यांनी अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं मौन पाळायचं, हे मी पोळ्या लाटता लाटता ठरवलं. (माझे बहुतेक निर्णय तिथेच होतात, आणि पोळीसारखेच एका बाजूने कच्चे राहतात.)

हायस्कुलात मला सनावळ्या पाठ करायचा नाद लागला. शाळा सुटली, लग्न होऊन रिसोडला धान्याच्या दुकानदाराच्या घरी आले, तरी नाद सुटला नाही. कोणत्या तारखेला कोणतं राज्य बुडालं, ते मी न विचारता सांगते.

"गांधीजी तर गेलेच," मी यांना म्हणाले, "पण याच तारखेला विलायतेत चार्ल्स राजाचं डोकं उडवलं. याच तारखेला जर्मनीत हिटलर गादीवर बसला."

"मंग सहा मिनिटं उभं राहा लागन," हे म्हणाले.

"हिटलरसाठी नाही!" मी गंभीरपणे सांगितलं.

त्याच दिवशी दुपारच्या मोटारीने कामरगावचे फुलचंदजी आणि त्यांच्या पत्नी हीराबाई आमच्या लेकीला, सोनाला, पाहायला येणार होते. आधीची दोन स्थळं परत गेली होती. हेही गेलं असतं, तर सोनाने मान वर केली नसती. पण दुपारला अवकाश होता.

सासूबाईंना सर्दी होती. "मी पडल्यापडल्याच गप राह्यतो वं," म्हणून त्यांनी बैठकीतल्या खाटेवर पांढरी चादर डोक्यावरून ओढली. आम्ही तिघं खाटेशेजारी माना खाली घालून उभे राहिलो. "काहीही झालं तरी बोलायचं नाही, हलायचं नाही," मी बजावलं.

ठोके पडले. मला ती अठ्ठेचाळीसची संध्याकाळ आठवली. दुकानाच्या ओट्यावर हे लहान मुलासारखे रडले होते. दुसऱ्या दिवशी गल्लीत चूल पेटली नव्हती. माझे डोळे भरून आले.

आणि दारातून आवाज आला, "जय जिनेंद्र! पन्नालालजी हायत काय?"

ओळखीचा ट्रक मिळाल्याने पाहुणे सकाळीच आले होते. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओल्या डोळ्यांनीच डोळे वटारले. कुणी हललं नाही.

फुलचंदजींनी आमच्या माना पाहिल्या, माझे अश्रू पाहिले, मग ती चादर पाहिली.

"अरे देवा!" ते हळूच म्हणाले. "चाला, सुतकाच्या घरात पोरीची गोष्ट काढू नये."

चपला वाजल्या. दोन मिनिटं संपताच हे अनवाणी धावत सुटले. मोटार स्टँडवर पाहुणे सापडले, पण तोवर बातमी बाजारभर झाली होती. यांनी पाहुण्यांना घेऊन घर गाठलं, तर शेजारचे सेवालाल बांबू घेऊन अंगणात हजर!

गलबल्याने सासूबाई उठून बसल्या. सेवालालांच्या हातून बांबू पडले.

"बांबू कायले आनले रे?"

"मांडवाले, काकी," सेवालाल कसेबसे म्हणाले.

"मंग चहा ठेवा ना! पाहुने उभे हायत."

मी शरमेने तोंडातून शब्द काढू शकले नाही. चहा दिला, चिवडा दिला, कोपऱ्यात गप्प बसले. सगळं ऐकून फुलचंदजींनी हात जोडले. "ज्या घरात गांधीबाबासाठी असं रडतात, ते घर आमाले पसंत."

हीराबाई सोनाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आन् मले पोरीची आई पसंत हाय. आल्यापासून एक शब्द नाही बोलली बाई! माय अशी शांत, तं लेकही तशीच निंघन."

यांना चहाचा ठसका लागला. मी यांच्याकडे पाहिलं, सोनाकडे पाहिलं. तिने पहिल्यांदाच मान वर केली होती, आणि ती हसत होती.

लग्न वैशाखात ठरलं. तोवर कामरगावचे पाहुणे चार वेळा आले. म्हणजे आमच्या घरातलं तीस जानेवारीचं मौन, मी एकटीने, वैशाखापर्यंत पाळलं.

हे म्हणतात, हिटलरची दोन मिनिटंही त्यात वळती झाली.