म्हात्रेकाकांची आतली माणसं

म्हात्रेकाका माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. ते पोटाकडे बघतात आणि विचारतात, "आतली मानसं काय म्हनतात?" नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला हा प्रश्न आला, तेव्हा मी ओढणी सावरली आणि परत साताऱ्याची गाडी धरावी असा विचार केला. चौकशी माझ्या जठरातल्या जिवाणूंची होती, हे नंतर कळलं.

नवी मुंबईत महाप्याच्या आमच्या प्रयोगशाळेत अल्सर करणाऱ्या जिवाणूंवर काम चालतं. काका तिथले सर्वांत जुने टेक्निशियन, पक्के जवळच्याच बोनकोडे गावचे. हे जिवाणू पोटात बसून जी प्रोटीनं सोडतात, त्यांना मोठमोठी नावं आहेत. काकांनी त्यांचं परस्पर बारसं केलंय. आम्ल मारून जिवाणूला बसायला जागा करते ती थंडाई, पेशी पोखरतो तो भोकपाड्या, आणि पेशीत टोचली जाते ती सुईवाली. एका मीटिंगमध्ये काका "भोकपाड्या आज सुस्त हाय" म्हणाले, तर साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं.

एका दुपारी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. भोकपाड्या टाकलेल्या पेशी होत्या. प्रत्येकीत पोकळ बुडबुडे फुगत होते, एकमेकांत मिसळत होते, आणि पेशी तरीही जिवंत होती. मागून काका कुजबुजले, "घर उभं हाय, पन खोल्या रिकाम्या होत चालल्या बघ." शेजारच्या डिशमध्ये सुईवालीने पेशी लांब ओढल्या होत्या, कुणी बोटं पुढे करावीत तशा. काका त्यांना हळू आवाजात जेवलात का विचारत होते. मी त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

मग काकांच्याच पोटात अल्सर निघाला. जठराचा तुकडा पिवळ्या औषधात टाकतात, जिवाणू असतील तर थंडाई त्याला गुलाबी करते. काकांचा तुकडा टाकल्यावर औषध दहा मिनिटांत गुलाबी झालं, आणि हा माणूस चक्क खूश झाला. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, घेतल्या नाहीत तर रक्तस्राव होऊन जीव जाईल म्हणून बजावलं. पाकीट ड्रॉवरमध्ये तसंच पडलं. आम्ही विनवलं, भांडलो. काका "उद्यापासून" म्हणायचे आणि दिवसेंदिवस पांढरे पडत चालले होते.

शेवटी मी बोनकोड्याला त्यांच्या घरी गेले. चार मजल्यांची इमारत, खाली सगळे भाडेकरू, वर काका एकटे. मी पाकीट पुढ्यात आपटलं, तेव्हा कुठे ते बोलले. लहानपणी आई शेतावरून आली की भात आणि बोंबील आधी आपल्या तोंडात चावायची, काटे काढायची आणि तो घास त्यांना भरवायची. गावात सगळी पोरं तशीच वाढली. हा जिवाणूही तसाच येतो, आईच्या घासातून. आई पुढे पोटाच्याच आजाराने गेली. तिच्या जठराचा तुकडा काकांनीच तपासला होता. तिच्या भोकपाड्याच्या रचनेची नोंद त्यांनी जपून ठेवली होती, आणि आता आपल्या पोटातल्या भोकपाड्याशी ताडून पाहिली. दोन्हीत काडीचा फरक नव्हता.

"आयेचा एक फोटू नाय," काका म्हणाले. "जुनं घर पाडलं, शेत शहरात गेलं. तिचं जित्तं असं येवढंच राहिलंय. ते मीच मारू?"

मला भीती वाटली आणि रडूही आलं. मग सुचलं. गोळ्यांआधी काकांच्या जठराचा एक तुकडा घ्यायचा, जिवाणू वाढवायचे आणि खोल गोठवून ठेवायचे. तसे ते वर्षानुवर्षं जिवंत राहतात. हे मला काकांनीच शिकवलं होतं, पण स्वतःच्या बाबतीत त्यांची अक्कल चालली नव्हती.

कुपीवर फक्त नंबर घालायचा असा आमचा नियम आहे. काकांनी नंबर घातला, आणि खाली बारीक अक्षरात आईचं नाव लिहिलं, चांगुणा. कुपी फ्रीजरमध्ये ठेवून त्यांनी पहिली गोळी घेतली.

दीड महिन्याने पुन्हा तपासणी झाली. औषध पिवळंच राहिलं. आम्ही पेढे आणले, टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या कामाला लागलो. काका मात्र पेढा हातात धरून बसून होते.

"बाय, जरा समोर बस ना," ते मला म्हणाले. "एकट्यानं खायाची सवय नाय मना."